दोन-दहाचा उतार

बंद पडलेल्या टायपिंग क्लासचे पाच कॉम्प्युटर
मी वजनावर घेतले, अमळनेरच्या भंगारवाल्याकडून.
स्क्रीन दोनच चालत होते. तेवढे पुरले.
नावं दिली नद्यांची: बोरी, पांझरा, गिरणा, वाघूर, तापी.
लग्नघराने गल्लीत बिबड्यांचं पीठ वाटून द्यावं
तसं कुठलंसं दूरचं विद्यापीठ गणित वाटून देतं,
एका प्रथिनाची घडी कशी पडते त्याचे बारीक तुकडे,
आणि माझ्या नद्या रात्रंदिवस आपापला तुकडा लाटत बसतात.

भटूभाऊ मोटारी रिवायंड करतो, खालच्या खोलीत.
तांब्याच्या तारेपलीकडे त्याचा कशावर विश्वास नाही.
"तुना ह्या डबडा रातभर काय इचार करतस?"
मी सांगितलं.
"मंग बिल कोन भरस?"

मग माझी बदली तळोद्याला,
तेहतीस केव्हीच्या उपकेंद्रात, सातपुड्याच्या पायथ्याशी.
तिथे दर तासाला व्होल्ट लिहायचे, अँपिअर लिहायचे,
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
नद्या माळ्यावर राहिल्या.

निघण्याआधी दोन रात्री बसून राउटरमधून वाट पाडली होती.
तळोद्याहून पाहते तर दारच सापडेना:
कंपनीने घराला दिलेला पत्ता रोज बदलतो,
पाल उचलून पुढच्या गावी गेल्यासारखा.
रविवारी परत येऊन सगळं उलटं केलं.
मी घराला विचारायचं नाही.
दर पाच मिनिटांनी घरानेच मला सांगायचं,
कोण जागं, कोण बंद, किती तापलं.
मोबाइलवर पाच रेघा. पांझरेची हिरवी.
ऐंशीच्या वर गेली तर फोन किंचाळणार.

लाईट गेली की पाचही रेघा एकदम तुटतात.
आली की एकेक उठते, वाघूर सगळ्यात शेवटी,
कारण ती कोपऱ्यात, आणि भाऊचे गुडघे दुखतात.

मे महिन्यात आणखी एक दिसलं.
बाहेर पंचेचाळीस, आणि भर दुपारी दोन-दहाला
रेघा खाली येतात. अठ्ठ्याहत्तरवरून एकाहत्तर.
रोज. दुकान बंद असतं त्या दिवशीसुद्धा.
आधी वाटलं, सेन्सर खोटं बोलतोय.
मग आठवला माळ्याच्या खिडकीचा वाळ्याचा पडदा,
आणि जिना, चौदा पायऱ्या,
आणि जेवून उठलेला, बादली घेतलेला माणूस
ज्याचा ह्या डबड्यांवर विश्वास नाही.

मी काही बोलले नाही. त्यानेही नाही.
फोनवर आम्ही तांब्याचा भाव बोलायचो.

एकोणीस तारखेला रेघा उतरल्या नाहीत.
दोन-दहा. दोन-वीस. अडीच.
एकोणऐंशीवर सरळ चालल्या होत्या,
आणि फोन गप्प, कारण त्याला मी फक्त चढ शिकवला होता;
उतार आला नाही तर ओरड, असं कोण शिकवतं?
तीनचे आकडे लिहायचे राहिले.
चौथ्यांदा त्याने उचलला, मागे एसटी स्टँडचा गलका.
"धुयाले गयथू, डोयाना डाक्टरकडे.
थेंब टाकात, काहीच दिसी नही राह्यनं. काय व्हयनं?"
"काही नाही. असंच."
तो थांबला.
"तुले तठे काय काय दिसस?"
तुझी बादली, म्हणायचं होतं.
म्हटलं, "आकडे."

दुसऱ्या दिवशी दोन-दहाला रेघा उतरल्या.
आणि रात्री पावणेदहाला, लाईट असताना,
एकटी बोरी बंद.
एक ठिपका गाळून पुन्हा चालू.
तेव्हापासून रोज, दुकानाचं शटर ओढल्यावर,
बोरी एक ठिपका गाळते.
कुठल्याशा प्रथिनाची घडी तेवढी उशिरा पडत असेल.
चालेल.

दहाचे आकडे मी वेळेवर लिहिते.
शेरा: सर्व ठीक.